नदी आणि समुद्राच्या मध्ये अडकलेलं देवबाग: किनारा का खचतोय?

मालवणहून तारकर्लीच्या पुढे गेलं की जमीन अरुंद होत जाते. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर देवबाग. पावसाळी उधाणात इथला किनारा तुटतो, माड कोसळतात. असं का होतं?

पट्टी कशी तयार झाली?
कर्ली सह्याद्रीतून येते. गंगेसारखी हिमनदी तिच्या पाठीशी नाही. जिल्ह्यात वर्षाला पडणारा ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस हाच तिचा आधार, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुरासोबत नदी वाळू आणते, लाटा ती किनाऱ्यालगत पसरवतात. म्हणजे ही पट्टी टिकायला सतत नवी वाळू लागते.

मग अडचण कुठे?
वाळू धरण-बंधाऱ्यांत अडली किंवा खाडीतून उपसली गेली की आवक घटते. दगडी बंधारा मागची घरं वाचवतो, पण लाटांचा जोर अनेकदा बंधारा संपतो तिथल्या मोकळ्या किनाऱ्यावर जातो.

हिमनद्यांचा काय संबंध?
आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ दरम्यान जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. तापलेलं पाणी प्रसरण पावतं आणि हिमनद्यांचं वितळलेलं पाणीही शेवटी समुद्रातच येतं. पातळी चढली की उधाणाची लाट आणखी आत शिरते.

थोडक्यात काय?
बंधारा किती मीटर वाढवायचा एवढाच हा प्रश्न नाही. खाडीतली किती वाळू उपसायची, हेही त्याच वेळी ठरवावं लागेल.