नेट स्लो आहे? आधी मोजा, मग प्लॅन वाढवा



"सर, घरी नेट स्लो होतं," हे वाक्य ऐकलं नाही असा शिक्षक आज सापडणार नाही. गृहपाठ अपलोड झाला नाही, ऑनलाइन तासाला आवाज तुटला, सराव चाचणी मध्येच अडकली, सगळ्याला कारण हेच. शिक्षकांना ती सबब वाटते. आईवडिलांना वाटतं, पोरगं मोबाईलवर भलतंच काहीतरी बघत बसलंय. आणि मूल खरं बोलत असलं तरी त्याच्याकडे पुरावा नसतो. शेवटी वाद मिटवायला घरचे मोठा प्लॅन घेतात. दर महिन्याला जादा पैसे जातात आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ पूर्वीसारखाच गोल गोल फिरत राहतो.

माझं मत असं, की पैसे वाढवण्याआधी घरात मोजमाप व्हावं आणि ते मोजमाप मुलानेच करावं. अंगात कणकण वाटली तर आपण आधी थर्मामीटर लावतो, औषध नंतर. नेटच्या बाबतीत मात्र आपण थेट औषधाच्या दुकानात जातो.

आधी आकडा समजून घेऊ. प्लॅनवर ४० एमबीपीएस लिहिलेलं असतं, ते मेगाबिट. फाईलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो, आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर एका सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट उतरतील. १०० मेगाबाइटच्या व्हिडिओला साधारण २० सेकंद लागणारच. हे गणित सातवीच्या मुलाला सहज जमतं. ते केलं की "४० चा प्लॅन घेतला आणि ५ च येतात, फसवलं!" हा गैरसमज तिथेच संपतो.

आता प्रयोग. वेग मोजणारी संकेतस्थळं आणि अॅप मोफत मिळतात. मोजण्याआधी घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही नेटवरून बंद करायचे. एकच मोबाईल घेऊन तीन ठिकाणी मोजायचं: राउटरपासून दोन पावलांवर, हॉलमध्ये आणि मूल अभ्यासाला बसतं तिथे. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून सरासरी काढायची. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. वहीत तक्ता करायचा. डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही लिहायचा, कारण ऑनलाइन तासाला मुलाचा आवाज आणि चित्र अपलोडवरूनच जातं. घरात लॅपटॉप असेल तर तो केबलने थेट राउटरला जोडून आणखी एक नोंद घ्यायची. ही नोंद सगळ्यात मोलाची.

कारण केबलवर पूर्ण वेग मिळतो आणि खोलीत मिळत नाही, तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. दोष घराच्या आत आहे, आणि मोठा प्लॅन घेऊन तो जाणार नाही. नळाला पाणी भरपूर येतंय पण बागेत नेलेली नळी दुमडली आहे, अशा वेळी टाकी मोठी करून काय उपयोग?

घरातला हा दोष बहुतेक वेळा राउटरच्या जागेत सापडतो. आपल्याकडे राउटर दाराजवळ, टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात नाहीतर पोटमाळ्यावर असतो. वायर जिथे आली तिथे तो बसवला, एवढंच त्यामागचं कारण. दिसायला बरं दिसत नाही म्हणून त्यावर कापड टाकणारेही आहेत. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. सळ्यांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याने भरलेली टाकी यांच्यातून त्या नीट पार होत नाहीत. राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर, मोकळ्या जागी ठेवला तर अनेक घरांत फरक तक्त्यात लगेच दिसतो. खर्च फार तर थोड्या वायरचा.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. आजकालचे बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. वेग भागिले वारंवारता हे सूत्र नववी-दहावीच्या मुलांना लावायला सांगा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर येते, ५ ची सहा सेंटीमीटर. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण भिंती मध्ये आल्या की तो लवकर ढेपाळतो. २.४ चा वेग कमी, पण लांबवर पोचतो. म्हणून राउटरच्या खोलीत ५ आणि दोन भिंतींपलीकडे २.४ वापरून बघायचं. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. स्वयंपाकघरात तो सुरू झाला की शेजारच्या खोलीतला तास अडखळतो, त्यात नवल नाही. इमारतीत राहणाऱ्यांना शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी सोसावी लागते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातला कमी गर्दीचा चॅनल निवडता येतो.

तिसरी गोष्ट, नेट कोण खातंय? बाबांच्या मोबाईलचे फोटो वर चढत असतात, लॅपटॉप अपडेट घेत असतो, हॉलमध्ये टीव्हीवर मालिका चालू असते. आणि रागावणं ऐकतं ते अभ्यासाला बसलेलं मूल. नेहमीच्या वापरात एकेक उपकरण बंद करून पुन्हा मोजलं की चोर सापडतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. राउटरही हलवला, चॅनलही बदलला, टीव्हीही बंद केला, तर कशाने फरक पडला ते कळणार कसं? विज्ञानाच्या पुस्तकात आपण हेच शिकवतो. घरात ते वापरून दाखवायची ही आयती संधी आहे.

केबलवरही वेग कमीच आला तर? राउटर एकदा बंद करून चालू करा, केबल जुनी किंवा सैल नाही ना ते पाहा आणि पुन्हा मोजा. तरीही तेच असेल तर तक्ता घेऊन कंपनीकडे तक्रार करा. "नेट चालत नाही हो" म्हणण्यापेक्षा "केबलवर सकाळी ३८, रात्री नऊला ६, सलग चार दिवस" असं सांगणाऱ्या ग्राहकाला टाळणं अवघड जातं. तक्रार क्रमांक मागून घ्या. समाधान झालं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

काही पालक म्हणतील, "पोरांच्या हाती राउटर दिला तर ती सगळं बिघडवून ठेवतील." काळजी रास्त आहे. म्हणून तीन नियम घालून द्या. टाचणीने दाबायचं रिसेटचं छिद्र दाबायचं नाही, त्याने सगळी सेटिंग पुसली जाते. फायबरची बारीक वायर वाकवायची नाही, तिच्या उघड्या टोकात डोकावायचं नाही. आणि सेटिंग बदलताना मोठं माणूस शेजारी बसेल, आधीची सेटिंग वहीत लिहून ठेवायची. एवढं पाळलं तर भीतीचं कारण उरत नाही.

आता थोडं आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, बाजूने. प्रत्येक घरी वायफाय नाही. कित्येक मुलं एका मोबाईलच्या डेटावर घरातल्या तिघांबरोबर भागवतात. दोन पानी स्वाध्यायासाठी आपण २०० मेगाबाइटचा व्हिडिओ पाठवत असू, तर नेट स्लो होण्यात आपलाही वाटा आहे. जिथे पीडीएफने किंवा छोट्या ध्वनिफितीने भागतं तिथे तेच पाठवावं. आणि गृहपाठ उशिरा आला तर रागावण्याआधी "तक्ता केलास का रे?" असं विचारावं. तक्ता असेल तर मूल खरं बोलतंय, आणि ते कागदावर दिसतं.

येत्या रविवारी हा प्रयोग घरी करून पाहा. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो प्रकल्प म्हणून द्यायला हरकत नाही: सरासरी, एकक, लहरी, निष्कर्ष, सगळं त्यात आलं. मोठा प्लॅन घ्यायचा की नाही हे तक्ता पाहून ठरवा. बऱ्याच घरांत राउटर कपाटातून बाहेर काढला की काम भागेल.