अमावस्येला दोष देणं सोपं आहे

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कुणाला फिट येते त्यांनी तरी पूर्ण वाचा. बाकीच्यांनी निदान मधला विजेचा भाग वाचा, तो सगळ्यांचाच आहे.

मागच्या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका गावात चोवीस वर्षांच्या पोराला रात्री दीडच्या सुमारास विहिरीजवळ आकडी आली. मोटार चालू करायला गेला होता. कठड्याच्या अलीकडे पडला म्हणून वाचला, पलीकडे पडला असता तर आज ही पोस्ट श्रद्धांजलीची असती. दुसऱ्या दिवशी गावात काय चर्चा? अमावस्या होती. दोन ग्रुपवर तर नेमका कुठला उतारा ओलांडला यावर वाद चालू होता. एकानेही विचारलं नाही की हा पोरगा आधीच्या तीन रात्री झोपला किती आणि त्याची गोळी चालू होती का. मला उत्तर माहीत होतं. झोप नव्हती, आणि गोळी पाच दिवस बंद होती.

मी मेडिकल दुकान चालवतो. डॉक्टर नाही आणि डॉक्टरकी करणारही नाही. पण अठरा वर्षं काउंटरवर उभं राहून एक गोष्ट कळते. कोण महिन्याच्या गोळ्या नेतो, कोण पाचच नेतो, कोण "पुढच्या आठवड्यात नेतो" म्हणून येतच नाही, हे डॉक्टरपेक्षा दुकानदाराला जास्त दिसतं.

आधी अमावस्येचा हिशेब करून टाकू. गावात "अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास" म्हणतात तेव्हा दोन दिवस अलीकडचे, दोन दिवस पलीकडचे धरतात. म्हणजे अमावस्येचे पाच आणि पौर्णिमेचे पाच, तीस दिवसांतले दहा. फिट महिन्यात कधीही आली तरी तीनातली एक या दहा दिवसांत पडणारच. त्यात चंद्राचं काही कर्तृत्व नाही, हा सरळ भागाकार आहे. बाकी दोन आल्या त्या दिवशी कुणी पंचांग उघडत नाही.

कांद्याचं आणि चपलेचंही तेच. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते. तेवढ्या वेळात कुणीतरी पळत जाऊन चप्पल आणतो, नाकाला लावतो, फिट थांबते आणि श्रेय चपलेला जातं. काय करायचं असतं? डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याजवळचं कापड सैल, झटके ओसरले की माणसाला कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. पाच मिनिटांच्या पुढे चालली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. एवढं आहे ते.

आता मुद्द्यावर येतो. मराठीत दोन चांगले शब्द आहेत, कारण आणि निमित्त. मिरगीचं कारण मेंदूत असतं. जन्माच्या वेळी झालेली इजा, डोक्याला लागलेला मार, मेंदूत बसलेली जंताची गाठ, घराण्यातून आलेलं काही, आणि बऱ्याच जणांत कारण सापडतही नाही. निमित्त वेगळं. आज, आत्ता, याच वेळी फिट का आली, त्याचं उत्तर निमित्तात असतं. कारण आपल्या हातात क्वचितच असतं. निमित्त बऱ्याचदा असतं, आणि आपण नेमकं तेच शोधत नाही.

सगळ्यात मोठं निमित्त कुठलं? चुकलेली गोळी. ही औषधं रक्तात एका पातळीवर टिकवावी लागतात. ती अचानक बंद केली की जुनी फिट परत येऊ शकते, कधीकधी एकामागून एक येत राहते आणि जिवावर बेतते. हे पेशंटला सांगितलेलं असतं. तरी गोळी चुकते. का चुकते यावर मात्र "हलगर्जीपणा" एवढाच शेरा मारला जातो आणि मला राग येतो तो इथे.

ऐका कशी चुकते. सरकारी दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. पंधरा दिवसांनी गेलं की "स्टॉक नाही, सोमवारी या". सोमवारी यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी. मग माणूस माझ्याकडे येतो आणि "पाच द्या" म्हणतो. पाच संपतात. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही काही परदेशातून मागवायची औषधं नाहीत. देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, जुनी आहेत, त्यातली काही तर अगदी स्वस्त आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर मिरगीच्या दहातल्या सात जणांच्या फिट्स थांबू शकतात. सातांची औषधं दोन आठवड्यांच्या हप्त्याने द्यायची आणि हलगर्जी त्यांनाच म्हणायचं!

दुसरी तऱ्हा. लग्न झालेली मुलगी. तिच्या गोळ्या न्यायला माहेरून आई येते, आणि गोळ्या पाकिटातून काढून साध्या डबीत भरून न्यायला बघते. मी नाव-तारीख दिसू दे म्हणतो, त्या नको म्हणतात. सासरी माहीत नाही. सासरी पाहुणे असले, देवदर्शनाची ट्रिप निघाली, सासू दिवसभर खोलीत बसली, की गोळी चुकली. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून मिरगी काढून टाकली. कायद्याने काढली, बैठकीतून निघाली नाही. मुलाची मिरगी "लहानपणी एकदा आली होती" होते, मुलीची मिरगी म्हणजे फसवणूक. आणि हीच मुलगी गरोदर राहिली की आणखी पंचाईत, कारण व्हॅल्प्रोएटसारखं औषध पोटातल्या बाळाला बाधू शकतं, ते डॉक्टरांनी आधीच बदलून द्यायला हवं असतं. डबीतली गोळी लपवणारी मुलगी डॉक्टरांना कधी विचारणार?

उपवासाचं एवढंच सांगतो: घोटभर पाण्याने गोळी घेतल्याने कुठलाही देव रागावल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नवरात्रात निर्जळी करून फिट आलेले मात्र बघितलेत.

आता झोप. गोळीनंतर सगळ्यात मोठं निमित्त हेच. एक रात्र जागरण झालं तरी काहींना पुरतं. शहरातल्या लेखात यावर उपाय लिहितात, "सात-आठ तास झोप घ्या". कुठून घ्यायची? कृषिपंपाला तीन फेज वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी रात्रीची असली की माणूस रात्री रानात. त्यात मध्येच लाइट जाते, मग बसायचं वाट बघत, आली की पुन्हा स्टार्टर. बिबट्या, साप, शॉक यांच्या बातम्या होतात. फिटची होत नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये आली. काही फीडरवर दिवसा लाइट मिळूही लागली, ते नाकारत नाही. पण आपल्या तालुक्यात अजून कितीतरी गावं रात्रीच पाणी धरतात. त्या गावांत मिरगी असलेल्या माणसाला "जागरण टाळा" सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे.

ऊसतोडीचं तर विचारूच नका. बीड-जालन्याकडून टोळ्या येतात त्यांचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो, गाडी भरायला कधी रात्री-अपरात्री उठावं लागतं. पाच-सहा महिने गावाबाहेर. औषधाचा कागद गावच्या दवाखान्यात. इथे आले की नवा कागद, नवी तपासणी, "तुमच्या जिल्ह्यातून लिहून आणा". माझ्याकडे एक बाई रिकामी स्ट्रिप घेऊन आली होती, दोन जिल्हे ओलांडून आणलेली, नाव पुसट झालेलं. तिच्या नवऱ्याला गोळी कुठली चालू आहे याचा तेवढाच पुरावा. तो फडात पडला तर मुकादम म्हणणार दारू प्याला असेल.

दारूही निमित्त आहेच, खोटं का बोला. विशेष म्हणजे भरपूर पिऊन थांबल्यावरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे. पण फिट आलेला प्रत्येक माणूस दारुडा नसतो.

मिरवणुकीवर लिहिलं की कमेंटमध्ये धर्म येतो, म्हणून आधीच सांगतो, गणपती, शिवजयंती, भीमजयंती, उरूस, वरात, सगळ्यांना एकच लागू. झगमगत्या दिव्यांनी फिट येते ती मिरगीच्या शंभरातल्या साधारण तिघांना, त्यातही मुलांना आणि वयात येणाऱ्या पोरांना जास्त. म्हणजे लाइट हा सगळ्यांचा शत्रू नाही. जपानात १९९७ साली पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा झगमगाट झाला आणि सुमारे सातशे जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यातल्या कित्येकांना आधी कधी फिट आलीही नव्हती. आपल्याकडे मिरवणुकीत काय असतं? ट्रकवर सेकंदाला दहा-पंधरा वेळा उघडझाप करणारा दिवा, रात्रभरचं जागरण, रिकामं पोट, विसरलेली गोळी, कुणाला दारू. चार-पाच निमित्तं एका रस्त्यावर. दिव्याचा त्रास होणाऱ्याने नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतूनही उजेड लागतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तिथून बाजूला व्हायचं. हे पोरांना शिकवा. आणि मंडळांनी तो उघडझापीचा दिवा बंद ठेवला तर बाप्पाचं तेज काही कमी होत नाही.

मोबाइलबद्दल रोज विचारतात. मोबाइलच्या लहरींनी फिट येते असं नाही. रात्री दोनपर्यंत रील बघितल्याने झोप मोडते, त्याने येते.

कापूर आणि निलगिरी तेल. हे कुणाला पटत नाही, पण लिहितोच. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला फिट येऊ शकते, आणि या दोन्हींच्या वासाने, चोळण्यानेही काहींना फिट आल्याच्या नोंदी बेंगळुरूच्या डॉक्टरांनी केल्या आहेत. सर्दी झाली की तान्ह्याच्या गळ्यात कापराची पुडी बांधणं, नाकाखाली बाम फासणं बंद करा. घरात मिरगीचा पेशंट असेल तर बाम घेताना मागचा कागद वाचा. ताप, उलटी-जुलाब, काही बायकांना पाळीच्या आधीचे दिवस, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी, काही अँटिबायोटिक, हीपण निमित्तं असू शकतात. म्हणून कुठलंही औषध मागताना "मला फिटची गोळी चालू आहे" एवढं वाक्य दुकानात बोला. हळू बोललात तरी चालेल.

आता उलट्या बाजूचे लोकही आहेत, त्यांनाही सोडत नाही. यांनी निमित्त शोधायचं म्हणून घरातल्या पोराचं जगणंच बंद केलंय. वांगं बंद, केळं बंद, दही बंद, शाळेची सहल बंद, खेळ बंद, शेवटी शाळाच बंद. वांग्याने फिट येते हे तुम्ही कसं ठरवलं? त्या दिवशी वांगं खाल्लं होतं. आणि ज्या वीस दिवशी वांगं खाऊन काही झालं नाही ते दिवस कुठे लिहिलेत? सगळी मेख इथेच आहे. फक्त फिटच्या दिवसाची नोंद ठेवली की त्या दिवशी घडलेली प्रत्येक गोष्ट गुन्हेगार दिसते.

दहा रुपयांची वही घ्या. रोज एक ओळ. किती वाजता झोपला, कधी उठला, गोळ्या घेतल्या का आणि किती वाजता, ताप वगैरे काही, बाईमाणूस असेल तर पाळीची तारीख. फिट आली तर वेळ, किती मिनिटं, कशी सुरू झाली. कुणी मोबाइलवर शूटिंग केलं असेल तर फक्त डॉक्टरांना दाखवायला ठेवा, ग्रुपवर टाकू नका. तीन महिन्यांनी वही वाचा. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा फिटच्या आदल्या दिवशी दिसली आणि साध्या दिवशी दिसली नाही, तर ते निमित्त. ओपीडीत तुम्हाला दोन मिनिटं मिळतात, त्या दोन मिनिटांत ही वही पुढे ठेवा. मग "हेच चालू ठेवा" लिहायच्या आधी डॉक्टरांना थांबावंच लागेल. गोळी चुकली तर काय करायचं तेही तेव्हाच विचारून घ्या, प्रत्येक औषधाचं उत्तर वेगळं असतं.

कुणी म्हणेल, सगळं सरकारवर ढकलता. नाही ढकलत. वही आपण ठेवायची, चप्पल आपण बाजूला ठेवायची, मुलीच्या गोळ्या लपवाव्या लागणार नाहीत असं लग्न आपण जमवायचं. पण वहीत दर महिन्याला "स्टॉक नाही" आणि "रात्रीची लाइट" हेच दोन शब्द निघत असतील, तर ते पेशंटने कसं टाळायचं?

म्हणून येत्या ग्रामसभेसाठी अर्ज तयार केलाय. मिरगीच्या पेशंटला एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. बाहेरगावच्या मजुराला जुन्या कागदावर औषध मिळावं. आपल्या फीडरला दिवसा लाइट द्यावी, आणि ती मिळेपर्यंत ज्या घरात असा पेशंट आहे त्या घराच्या रात्रीच्या पाण्याला शेजाऱ्याने साथ द्यावी, हा ठराव गावानेच करावा. अर्जावर पेशंटचं नाव कुठेही नाही, घाबरू नका. अर्ज दुकानात ठेवलाय. सही करायची त्यांनी दुपारी दोनच्या आत या, नंतर गर्दी असते. रविवारी दुकान अर्धा दिवस.