जंत, टेन्शन आणि नाईट गार्ड

झोपेत दात खाणाऱ्या पोराच्या पोटात जंत असतात, हे आपल्याकडे डॉक्टर न होताही सगळ्यांना माहीत असतं. आणि जागेपणी दातओठ खाणारा माणूस रागीट असतो, हेही. भाषेनेच निदान करून ठेवलंय म्हटल्यावर तपासायचं काय? पोर मोठं झालं की जंतांच्या जागी 'टेन्शन' येतं, एवढाच फरक.

माझं भांडण या 'टेन्शन'शी आहे.

मला स्लीप अ‍ॅप्निया आहे. म्हणजे झोपेत घशातली वाट मिटते, श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, आणि हे रात्रभर पुन्हा पुन्हा. तासाला ५ ते १५ वेळा झालं तर सौम्य, ३० च्या वर गेलं तर गंभीर. शिवाय मी दिवसा दात आवळतो. कॉम्प्युटरसमोर, गाडी चालवताना, अगदी भाजी चिरतानासुद्धा. संध्याकाळपर्यंत कानशिलं ठणकायला लागतात.

अ‍ॅप्नियाचं निदान व्हायच्या आधी मी बऱ्याच पायऱ्या झिजवल्या. एका डॉक्टरांनी दातांची झीज बघून नाईट गार्ड दिला. दुसऱ्यांनी कान तपासून "कान उत्तम आहे" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी बीपीची गोळी लिहून दिली. तिघांचंही एका गोष्टीवर मात्र एकमत होतं : "टेन्शन घेऊ नका." "रात्री घोरता का?" हा तीन शब्दांचा प्रश्न एकानेही विचारला नाही. दात एकाचे, कान दुसऱ्याचा, बीपी तिसऱ्याचं... मग आख्खा माणूस बघायचा कोणी?

आता कोणी म्हणेल, ताणाने दात आवळले जातातच की. जातात, मी कुठे नाही म्हणतोय! पण ताण कोणाला नसतो? जे निदान कोणालाही, केव्हाही चिकटवता येतं, ते निदान नसून पेशंटला दाराबाहेर काढायची सभ्य पद्धत आहे. वर दोष पेशंटचाच, कारण टेन्शन 'घेतलं' त्यानेच. त्यातून पुढे कोणाला नैराश्यावरच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या सुरू होतात, आणि त्यातल्या काही गोळ्यांनी दात आवळणं वाढू शकतं हेही सांगायचं राहून जातं. (गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.)

राहिला नाईट गार्ड. तो वाईट नाही. दातांची झीज थांबवतो, पण दात आवळणं थांबवत नाही. आणि दिवसाच्या दुखण्याला 'नाईट' गार्ड हे काय प्रकरण आहे? झोपेत दात खाणं आणि जागेपणी दात आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि २०१८ साली या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दोन्हींच्या वेगवेगळ्या व्याख्या छापल्या आहेत. त्याही आधी, २००४ साली, मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अ‍ॅप्निया असलेल्या १० जणांना वरच्या दातांवर बसणारा साधा गार्ड लावून पाहिला, तर त्यातल्या काही जणांचं श्वास अडखळणं उलट वाढलं. एवढ्याशा प्रयोगावरून गार्ड फेकून द्यायला नको, पण तो देण्याआधी झोपेची चौकशी करायला नको का? खालचा जबडा पुढे आणून घसा मोकळा ठेवणारं उपकरण वेगळं असतं, तेही दातांचेच डॉक्टर बनवतात. म्हणजे हा विषय त्यांच्या अंगणाबाहेरचा आहे असंही नाही.

"वेळ कुठे असतो?" हे उत्तर मला मान्य नाही. 'स्टॉप-बँग' नावाची प्रश्नावली २००८ सालापासून आहे. हो-नाही उत्तरांचे आठ प्रश्न : घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, बीपी, वजन, वय, मानेचा घेर, पुरुष की स्त्री. वेटिंग रूममधलं जुनं मासिक चाळता चाळता भरून होईल.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. दात आवळणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅप्निया नसतो, आणि अ‍ॅप्नियामुळेच दिवसा दात आवळले जातात असं सिद्धही झालेलं नाही. सीपॅप मशीन लावायला लागल्यापासून माझी झोप सुधारली, सकाळचं डोकं दुखणं गेलं, पण दिवसाचं दात आवळणं आपोआप गेलं नाही. ते वेगळं शिकावं लागलं. जेवण धरूनसुद्धा वरचे-खालचे दात दिवसभरात जेमतेम वीसेक मिनिटं एकमेकांना लागायला हवेत, हे मला चाळिशीनंतर कळलं! ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मॉनिटरवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे, ती दिसली की जबडा सैल सोडतो. फुकटचा उपाय आहे, कदाचित म्हणूनच कोणी सांगत नाही.

आणि डॉक्टरांना नावं ठेवताना घरच्यांना का सोडायचं? घोरणं हा आपल्याकडे विनोदाचा विषय. "काय गाढ झोपतो हो हा, कुंभकर्ण नुसता!" अहो, ती गाढ झोप नसते, घुसमट असू शकते. घोरता घोरता मधेच आवाज बंद पडून नंतर हिसका देऊन सुरू होत असेल, तर हसू नका. डॉक्टरांकडे बरोबर जा आणि ते सांगा. झोपलेल्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, साक्षीदार तुम्हीच आहात.

तोपर्यंत, हे वाचताना तुमचे दात एकमेकांवर टेकलेले असतील तर सोडा बघू.