पायांनाही सुट्टी लागते

दोस्तांनो, मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव, हे तुम्हांला ठाऊक असेलच. त्याहून लांबच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत १९२१ साली सुरू झालेली ‘कॉम्रेड्स’ जवळजवळ ९० किलोमीटरची असते. आपल्या नरडाण्याहून पळत धुळं गाठलं आणि पळतच परत आलात, तरी ती संपणार नाही!

पुण्याच्या आशिष कासोदेकरांनी २०१९ साली लडाखमध्ये ५५५ किलोमीटरची शर्यत पुरी केली. पुढे २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या ६० दिवसांत त्यांनी ६० मॅरेथॉन केल्या. रोज एक!

हे मी वर्गात रंगवून सांगितलं, आणि तिथंच चुकलो. केंद्रस्तरावर दुसरा आलेला चौथीतला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पळू लागला. मी शाबासकी देत होतो. आठवड्याभरानं तो म्हणाला, “सर, पाय दुखतस.” मी म्हणालो, “दुखणारच. पळ!” नंतर तो लंगडतच शाळेत आला. डॉक्टरांनी तीन आठवडे पळणं बंद केलं आणि तालुक्याची शर्यत हुकली. त्याच्या आईसमोर मला मान वर करता येईना.

कासोदेकरांमागे कित्येक वर्षांची तयारी होती, हे सांगायचं मी विसरलो होतो.

खूप पळलं की स्नायूंचे बारीक धागे ठिकठिकाणी उसवतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय जास्त ठणकतात. शरीर ते धागे पुन्हा विणतं, पूर्वीपेक्षा थोडे घट्ट. पण हे काम चालतं विश्रांतीत, आणि मुख्यतः झोपेत. नडगीच्या हाडाचंही तसंच. विणकाम पुरं होण्याआधीच पुन्हा ताण दिला तर भोक मोठं होणार, दुसरं काय?

मग मोठे धावपटू दोन शर्यतींच्या मध्ये खाटेवर लोळत पडतात का? पहिले काही दिवस, हो, खुशाल! नंतर मात्र हलकी हालचाल. स्पेनमधल्या कॅटलोनियाचा किलियन जॉर्नेट आल्प्समधली सुमारे १७० किलोमीटरची शर्यत चार वेळा जिंकला आहे. हिवाळ्यात तो पळणं बाजूला ठेवून पायांत स्की बांधतो आणि बर्फाचे डोंगर चढतो. त्याचं तेही काही सोपं नसतं म्हणा, पण पावलं रस्त्यावर आपटत नाहीत.

आपल्याकडे बर्फ नाही. पण खान्देशातली थंडी काय कमी आहे? सोनगीरचा किल्ला आहे. मुडावदला तापी-पांझरेचा संगम आहे. शेतात हुरडा आहे, भरीत-भाकरी आहे. सावकाश चालायचं, इतकं सावकाश की चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली की समजा, पुन्हा शर्यतच सुरू झाली.

आईबाबांनो, एक तुमच्यासाठी. हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर चालायलाही नेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही त्या मुलाला घेऊन सोनगीरला गेलो. अर्ध्या चढावर मीच धापा टाकत दगडावर बसलो. तो शेजारी येऊन बसला नि म्हणाला, “सर, बसा निवांत. आज सुट्टी आहे ना?”