पिवळा दिवा

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आंबागडचा किल्ला पाहायला मोटार काढलीत आणि तुमसर मागे पडल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर घाबरू नका. मी मराठीचा मास्तर; अनुस्वाराएवढ्या ठिपक्याने अर्थ बदलतो, हे जाणतो! दिवा स्थिर असेल, तर गाडी लवकर तपासून घ्या. लुकलुकत असेल, तर पेट्रोल नीट जळत नाही, गाडी थांबवाच. मेकॅनिकच्या यंत्रावर 'पी००११' उमटले, तर हवा आत घेणाऱ्या झडपा वेळेआधीच उघडताहेत. पण हे झाले लक्षण; बिघडलेला भाग आकडा सांगत नाही. ही वेळ तेलाच्या दाबाने बदलते. म्हणून आधी तेल पाहा, मग सोलेनॉइड, मग टायमिंगची साखळी. स्वस्त तपासणी आधी, महागडी खरेदी शेवटी.