खाणीचे मुद्दल आणि देशाचे उत्पन्न

ठेव मोडून आलेल्या रकमेला कोणताही हिशेबनीस उत्पन्न म्हणत नाही. राष्ट्रीय उत्पन्नात मात्र नेमके तेच होत आले आहे. गोव्यातील लोहखनिज विकले की त्याची कमाई उत्पन्नात जमा होते. निव्वळ उत्पन्न काढताना यंत्रांचा घसारा वजा होतो, रिकाम्या झालेल्या खाणीचा होत नाही.

जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ सलाह एल सेराफी यांनी 1989 मध्ये यावर गणित मांडले. खाण आणखी 20 वर्षे पुरणार असेल आणि व्याजदर 5 टक्के धरला, तर खर्च वजा जाता उरणाऱ्या 100 रुपयांतील सुमारे 36 रुपये मुद्दल असते. ते गुंतवून ठेवले पाहिजे. पाचच वर्षे उरली असतील, तर मुद्दल 75 रुपयांवर जाते.

सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी गोव्यातील खनिजविक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायम निधी उभारण्यास सांगितले. प्रमाण तोकडे आहे. पण मुद्दलाचे खाते तरी उघडले. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या लेखापद्धतीत हा ऱ्हास आता उत्पादनाचा खर्च मानला आहे.

अहिल्यानगरच्या रोजच्या पाहण्यातले खनिज म्हणजे वाळू. राज्याच्या 2023 च्या धोरणाने तिचा दर ब्रासला 600 रुपये ठरविला. नदी नवी वाळू आणतेच, असा युक्तिवाद होतो. पण प्रवरेवर भंडारदरा आणि मुळेवर मुळा धरणाची भिंत उभी आहे, वरची वाळू तिथेच अडते. पात्रातील थर गेला की काठच्या विहिरींचा पाझरही घटतो. त्या विहिरी खोल करण्याचा खर्च शेतकरी सोसतो, आणि खोदाईची मजुरी पुन्हा राष्ट्रीय उत्पन्नातच जमा होते.