समुद्र भोगण्यासाठी नव्हे

सोलापूरकराला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. समुद्राचे मात्र सांगावे लागते. सुट्टीत मालवणला जाऊन प्रवाळ पाहण्यासाठी बुडी मारणाऱ्या कुटुंबांसमोर उभा असलेला सिंधुदुर्ग शिवछत्रपतींनी १६६४ साली बांधावयास घेतला. तेथील सागरी अभयारण्य १९८७ चे आहे. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरविणारी ‘आंग्रिया बँक’ ही पाण्याखालची प्रवाळभूमी आहे. उद्या धनिकांच्या आलिशान नौका तेथे नांगर टाकू लागल्या, तर शतकांची वाढ क्षणात चिरडली जाईल. पर्यटनाला विरोध नाही. परंतु नांगराऐवजी नौका बांधण्यासाठी कायमचे बोये, उत्पन्नात गाबित बांधवांचा वाटा आणि प्रवाळाला हात न लावण्याचा संस्कार हवा. आरमार उभारणाऱ्यांच्या वारसांनी समुद्र केवळ भोगावा, हे शोभत नाही.